बाबांना सांग, आईला सांग

आमच्याकडे केस वाया जात नाही. जमिनीवर पडलेला केस मी वाकून उचलते, उजेडात धरते, मूळ कुठलं आणि टोक कुठलं ते बोटाने पाहते, आणि मग त्याची जागा ठरवते. पंचेचाळीस वर्षं टोप विणते आहे. नाटकातल्या राण्या, आजारपणात केस गेलेल्या बायका, टकलापायी लग्न अडलेले घोडनवरे, टकलापायी खुर्ची जाईल या भीतीने झुरणारे साहेब, सगळ्यांची डोकी माझ्या हाताखालून गेली आहेत. डोक्याच्या आत काय असतं ते शिकलेल्या लोकांनी बघावं. डोक्यावर काय आहे ते मला विचारा.

एवढं असून मी फसले, आणि तेही माझ्याच घरात.

त्या दिवसांत माझ्याकडे एका व्याख्यात्यांचं काम होतं. हे गृहस्थ मुलं कशी वाढवावीत यावर गावोगाव भाषणं देतात. व्यासपीठावर दिवे डोक्यावर पडतात आणि डोकं चमकतं, म्हणून त्यांना कपाळावरचा पुढचा तुकडा हवा होता. मागचं कसंही निभावतं, पण पुढची ओळ ही कारागिराची परीक्षा. तिथे जाड केस लावला की माणूस बुटाच्या ब्रशासारखा दिसतो. तिथे बारीक, कोवळा केस लागतो, आणि तो आकड्याने एकेक करून जाळीत गाठावा लागतो. तसा केस आता मिळेनासा झाला आहे. सगळ्या जगाने आपले केस रंगवून, ताणून, भाजून ठेवले आहेत.

आणि एका सकाळी माझ्या ट्रेमध्ये तसाच केस. काडीएवढी जुडी, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली, सगळी मुळं एका बाजूला, टोकं एका बाजूला. मुळाशी बारीक पांढरे ठिपके होते, म्हणजे कापलेला नव्हे, विंचरताना निघालेला. मला वाटलं, हे फणीवालीचं काम. फणीवाली म्हणजे आमच्याकडे केस विंचरून, निवडून, जुड्या बांधणारी बाई. वीस वर्षं माझ्याकडे आहे आणि कौतुक केलं की ढिली पडते, म्हणून मी कौतुक केलं नाही. पुढच्या आठवड्यात दुसरी जुडी आली, मग तिसरी. मी गाठत गेले. व्याख्यात्यांची पुढची ओळ अशी उतरली की त्यांच्या जन्मदात्या आईलाही ती तिचीच करणी वाटली असती.

मग एका रविवारी मुंगीला न्हाऊ घालायची पाळी माझ्यावर आली.

मुंगी माझी नात, नऊ वर्षांची. पावलाचा आवाज न करता घरभर फिरते म्हणून हे नाव मीच ठेवलं. न्हाऊ घालणं तिच्या आईचं काम, पण सूनबाई इस्पितळात लोकांचे एक्स-रे काढते आणि त्या रविवारी तिची ड्युटी होती. पाणी ओतता ओतता माझं बोट पोरीच्या उजव्या कानामागे गेलं आणि तिथेच थांबलं. बाटलीच्या झाकणाएवढी जागा गुळगुळीत. मला आधी वाटलं चाई पडली. पण खिडकीकडे डोकं वळवून पाहिलं तर कडेने खुंट उगवत होते, काही मोठे, काही छोटे. हे गळलेले केस नव्हते, उपटलेले होते. शेजारचा एक ओला केस मी दोन बोटांत धरून मुळाकडून टोकाकडे चोळला, आणि बोटाने त्याला ओळखलं. हाच केस मी गेले तीन आठवडे व्याख्यात्यांच्या कपाळावर गाठत होते.

अशा वेळी पोरीला पोटाशी धरायचं असतं, हे आता मला कोणीही शिकवेल. मी ओरडले. टोपवालीच्या घरात नातीला टक्कल पडलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल, म्हातारी घरच्याच पोरी भादरते म्हणेल, असं काहीबाही बोलले. मुंगी डोळे मिटून पाण्याखाली बसून होती. माझा दम संपल्यावर म्हणाली, "वाया नाही घालवले आजी. मुळं एका बाजूला लावून ठेवली."

पोरीच्या अंगाला साबण तसाच, आणि माझ्या मनात आधी आलं काय, तर जुडी खरंच सुबक होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बैठक बसली. बैठक म्हणजे मी, माझा मुलगा आणि सूनबाई. मधे मुंगी. मुलगा मुंगीला म्हणाला की तुझ्या आईला विचार, रोज वेणी घालते तर इतके दिवस दिसलं कसं नाही. सूनबाई ओट्याकडे तोंड करून म्हणाली की बाबांना सांग, फणी धरायला त्यांनाही दोन हात दिलेत. मी म्हटलं, तुझ्या आईला सांग, जिने स्वतःची वेणी ठेवली नाही तिला दुसऱ्याची कुठून दिसणार. मुंगी एकेकाकडे वळून ज्याचं त्याला पोचवत होती. आम्ही सगळे चार हातांच्या आत, सगळ्यांचे कान शाबूत, तरी पोचवत होती. बाहेरचं कोणी आलं असतं तर त्याला वाटलं असतं, आम्ही पोरीला अध्यक्ष केलंय.

वेणीचं काय ते सांगून टाकते. सूनबाईचे केस कमरेखाली होते. काळेभोर, सरळ, रंगाचा थेंब न लागलेले. ती लग्न होऊन आली तेव्हापासून मी त्या वेणीकडे बघत होते, जसं माळी दुसऱ्याच्या बागेकडे बघतो तसं. सात महिन्यांपूर्वी ती एक दिवस मानेपर्यंत कापून आली. वेणी इस्पितळात देऊन आली म्हणे, आजारी बायकांच्या टोपांसाठी. घरात दुकान असताना! टोप बनवणार कोण, तर पलीकडच्या गल्लीतला, जो मूळ आणि टोक उलटसुलट गाठतो आणि ज्याचे टोप महिन्याभरात चिमणीचं घरटं होतात. मी तिला काही बोलले नाही. म्हणजे त्या दिवशी जे बोलले त्यानंतर बोलले नाही. मुलगा मधे पडला आणि बायकोला म्हणाला की आईला निदान विचारायचं तरी. त्यावर तिने त्याच्याशीही बोलणं टाकलं. मुलानेही मग मान ताठ केली, माझाच मुलगा तो. तेव्हापासून आमचं घर शांत होतं. मी लोकांना अभिमानाने सांगायचे, आमच्यात वरचा आवाज म्हणून नाही.

तर बैठकीनंतर उपाय सुरू झाले. मुलाने भिंतीवर एक तक्ता लावला. केस न उपटलेल्या दिवशी एक चांदणी. पहिल्या आठवड्यात दोन चांदण्या लागल्या, त्यातली एक त्यानेच पोरीचा चेहरा बघून लावली होती. सूनबाईने इस्पितळातून पांढरे हातमोजे आणले. पोरगी घरात हातमोजे घालून जेवायला लागली, जसा काही तिला वरणभातावर ऑपरेशन करायचं होतं. शाळेच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली आणि सोबत छापील कागद जोडला. त्यावर दहा कलमं होती आणि पहिलं कलम होतं, घरात मोकळेपणाने बोला. मुलाने कागद मुंगीच्या हातात दिला आणि म्हणाला, हा तुझ्या आईला वाचायला दे. सूनबाईने वाचला आणि म्हणाली, यातलं पहिलं बाबांना मोठ्याने वाचून दाखव. मी म्हटलं, मला चष्म्याशिवाय दिसत नाही, दोघांपैकी कोणीतरी सांगा म्हणावं. पोरीने तो कागद दिवसभर इकडून तिकडे नेला.

मी मात्र उपाय केला तो कारागिराचा. तिसऱ्या जुडीतले केस उरले होते. झाकणाएवढी जाळी कापली आणि त्यावर मुंगीचेच केस मुंगीसाठी गाठले. असं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. भोवऱ्याची दिशासुद्धा साधली. तुकडा बसवला आणि फणीवालीला बोलावून म्हटलं, सांग, कुठल्या बाजूला आहे? तिने दोन्ही बाजू तपासल्या आणि हात टेकले. मी दिवसभर खुशीत होते. जागा झाकली गेली की दुखणं गेलं, असं मी गिऱ्हाइकांना पंचेचाळीस वर्षं सांगत आले आहे. स्वतःच सांगितलेलं स्वतःला पटायला वेळ लागत नाही.

आठ दिवसांनी तुकड्याला भोक पडलं होतं. मुंगी म्हणाली, "माझे उपटायचे नाहीत असं ठरलंय ना. हे दुकानाचे होते."

त्याच आठवड्यात माझी लेक आली. मुंगीची आत्या. ती एका निवासी शाळेत कारभार बघते आणि तिच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांवर पहाटे पाचची घंटा हा उतारा आहे. तिने पोरीचं डोकं तपासलं, जिभेवर चकचक केलं आणि पिशवीतून फॉर्म काढला. एक जागा तिने अडवून ठेवली होती, महिनाअखेरपर्यंत. तोवर पोरगी सुधारली तर ठीक, नाहीतर सामान बांधायचं. मुलगा गप्प बसला. सूनबाई गप्प बसली. दोघांना एकमेकांशी बोलल्याशिवाय नाही म्हणता येत नव्हतं, आणि एकमेकांशी तर ते बोलत नव्हते. मी म्हटलं, बरोबर आहे. मला खरंच वाटलं होतं बरोबर आहे. तिथे निदान गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर तरी नसेल.

मुंगीने एकच विचारलं. "मी गेल्यावर इथलं कोण करेल?"

मला वाटलं, ती लाकडी डोकी पुसण्याबद्दल बोलते आहे. दुकानातल्या फळीवरची बारा लाकडी डोकी ती रोज शाळेतून आल्यावर पुसते. मी म्हटलं, फणीवाली करेल, तू काळजी करू नकोस.

व्याख्याते तुकडा बसवून घ्यायला आले तेव्हा महिना संपायला सहा दिवस उरले होते. मुलगा म्हणाला, आयतेच आले आहेत तर विचारून घेऊ. सूनबाई कामावरून नुकतीच आली होती, तीही दारात येऊन उभी राहिली. मी तुकडा त्यांच्या कपाळावर चिकटवला, कडा दाबल्या, आणि ते आरशात स्वतःला बघायला लागले. बघता बघता आमचं ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी आरशातल्या माणसाला सांगितलं की मुलाला लक्ष हवं असतं म्हणून ते असं करतं, तेव्हा लक्ष देऊ नका. मग डावीकडून बघितलं आणि म्हणाले, मात्र दुर्लक्षही करू नका. मग उजवीकडून बघितलं आणि म्हणाले, समतोल. हे झाल्यावर त्यांनी पुढच्या ओळीवरून हलकेच बोट फिरवलं आणि मला विचारलं की केस फार नैसर्गिक आहे, कुठून आणला.

मी म्हटलं, "घरचाच आहे."

मुंगी त्यांच्या कपाळाकडे डोळे लावून उभी होती. ते खूश झाले, म्हणाले, बघा, किती एकाग्र मुलगी आहे, हिला काही झालेलं नाही.

सूनबाई आत निघून गेली. मुलाला ते लागलं. त्याने मुंगीला जवळ बोलावलं आणि दात आवळून, पण मला ऐकू येईल इतपत म्हणाला, "तुझ्या आईला सांग, चार लोकांत तरी तोंड सरळ ठेव. आणि साहेबांना पाणी पाठव म्हणावं."

आमचं दुकान पुढे, घर मागे, मधे अरुंद बोळ. मी व्याख्यात्यांच्या मागे मोठा आरसा धरून उभी होते, त्यांना मागची बाजू दिसावी म्हणून. माझ्याकडून त्यांच्या पुढच्या आरशात तो बोळ दिसत होता. मुंगी बोळात गेली आणि मधेच थांबली. तिने उजव्या हाताचा मोजा काढला आणि हात वर गेला, कानामागे. भिंतीकडे बघत ती उभी होती, कठीण गणित पडल्यासारखी. बोटांनी केस शोधला, ओढला, बोटाला गुंडाळला. मग ती आत गेली आणि मला ऐकू आलं, "आई, बाबा विचारतात, थोडं पाणी देतेस का? तू दमली असशील म्हणाले, पण पाहुणे आहेत."

आतून सूनबाईचा आवाज आला. "त्यांना सांग, स्वतःचे हात झिजतील का? पाहुणे त्यांचे, नाटकं त्यांची."

मुंगी पुन्हा बोळात. हात पुन्हा वर. या वेळी दोन केस गेले. मग स्वतःच तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली आणि बापाला म्हणाली, "आई आणतच होती. मीच घेतलं तिच्या हातून."

मुलाचा चेहरा जरा सैल झाला. माझ्या हातातला आरसा कलंडला. व्याख्याते म्हणाले, मागचं दिसत नाही हो.

मी जे रोज करते तेच केलं. म्हटलं, "मुंगे, तुझ्या आईला सांग..." आणि थांबले. काय सांगायचं ते मीच अजून ठरवलं नव्हतं. पण पोरीचा हात कानामागे पोचला होता.

दुसऱ्या दिवशी मी फणीवालीला लवकर घरी पाठवलं आणि मुंगीला माझ्या बाकावर बसवलं. हातमोजे काढ म्हटलं. तिच्यापुढे एक जाळी ठेवली, आकडा दिला, काही विचारलं नाही. माझ्यासारखीला न विचारणं किती जड जातं ते माझं मला ठाऊक. तिने बारा गाठी मारल्या, त्यातल्या चार बऱ्या होत्या. मग मी म्हटलं, काल बाबांनी सांगितलं ते तू आईला तसंच का नाही सांगितलंस?

ती गाठीकडे बघत म्हणाली, "तसंच सांगितलं तर आई जेवत नाही. आणि आईचं तसंच सांगितलं तर बाबा चप्पल घालून बाहेर जातात. एकदा खूप उशिरा आले."

"मग?"

"मग नीट करून सांगते. पण पटकन सुचत नाही. बोळात थांबून सुचतं. सुचेपर्यंत हात जातो."

"आणि माझं? माझं पण नीट करून सांगतेस?"

तिने माझ्याकडे बघितलं, मला वाईट वाटेल का याचा अंदाज घेत. "तुझं सगळ्यात अवघड असतं आजी. तुझ्यात काही ठेवण्यासारखं नसतं. सगळंच नवीन करावं लागतं."

मी आजवर रागाने बोललेल्यांची तोंडं बंद केली आहेत. हे ती रागाने म्हणाली नव्हती. फणीवालीने जुडी खराब निघाल्याचं सांगावं तसं सांगत होती. म्हणजे इथलं कोण करेल, हा प्रश्न लाकडी डोक्यांचा नव्हता. आणि ही पोरगी घालवायची म्हणून मी मान डोलावली होती.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी उठली आणि तडक सुनेकडे गेली. नाही गेले. सात महिने जिच्याशी बोललो नाही तिच्याशी आपण आधी बोलायचं म्हणजे काय, हे ज्यांनी कधी मान ताठ ठेवलीच नाही त्यांना कळायचं नाही. पहिला दिवस मी खोकण्यात घालवला, तिने बघावं म्हणून. दुसऱ्या दिवशी ती दुकानातून जात असताना मी एका लाकडी डोक्याला मोठ्याने म्हटलं की काही लोकांचे केस चांगले होते हो. ती थांबली नाही. लाकडी डोकंही काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मुंगीने बोळात उभं राहून माझ्या नाश्त्याचा निरोप नीट केला, आणि तिच्या फ्रॉकवर मला तीन केस दिसले. लेक दुसऱ्या दिवशी फॉर्म न्यायला येणार होती.

मुंगीला मी दुकानात बसवलं आणि स्वयंपाकघरात गेले. सूनबाई पीठ मळत होती. मी दारातच उभी राहून म्हटलं, "मला विचारायला हवं होतंस."

तिचे हात थांबले. वळली नाही. "मुंगी," ती म्हणाली, "आजीला सांग..."

"मुंगी दुकानात आहे. मी इथे आहे. मला सांग."

मग ती वळली, आणि सात महिन्यांचं एकदम निघालं. तिच्या एक्स-रेच्या टेबलावर रोज आजारी बायका येऊन झोपतात, डोक्याचा रुमाल काढा म्हटलं की तोंड फिरवतात. त्यांतली एक तिच्याच वयाची होती. त्या दिवशी सूनबाई तिथूनच तडक केस कापायला गेली. मला दिले असते तर माझ्या दुकानात ते कुठल्या तरी नवरदेवाच्या टकलावर चढले असते. मी म्हटलं, चढले असते, आणि दहा वर्षं टिकले असते, त्या पलीकडच्याने तर त्यांची माती केली असेल. ती म्हणाली, केस माझे होते. मी म्हटलं, होते, पण बघत मी होते बारा वर्षं. ती म्हणाली, मग एकदा म्हणायचं होतं की छान आहेत. यावर मी आवाज चढवला.

आवाज ऐकून मुलगा आला. सवयीने म्हणाला, मुंगे, आईला म्हणावं, आणि आम्ही दोघी एकदम त्याच्यावर ओरडलो की मुंगी नाही इथे, काय ते स्वतःच्या तोंडाने बोल. सात महिन्यांत आम्हा दोघींचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट. बिचारा गांगरला. मग तोही बोलायला लागला. तो एवढं बोलू शकतो हे मला त्याची आई असून माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने जमिनीवर काहीतरी आपटलं.

मुंगी दारात आली होती. चेहरा पांढरा पडलेला, हात कानामागे. आमच्या मधे शिरून तिने घाईघाईने सुरुवात केली, "आजीला तसं नाही म्हणायचंय आई, आजी म्हणते की..."

मी तिचा हात धरला. ओढला नाही, खाली केला नाही, नुसता माझ्या हातात धरून ठेवला, कानामागे होता तसाच. म्हटलं, "मुंगे, हे काम तुझं नाही. आम्ही भांडतोय. आमचं आम्हाला भांडू दे."

"पण बाबा जातील."

मुलाने पायांकडे बघितलं. आज त्याने खरंच चपला चढवल्या होत्या, कधी ते त्यालाही कळलं नसेल. त्याने त्या काढल्या, भिंतीशी लावल्या आणि पाटावर बसला. पोरीला म्हणाला, नाही जात. मग मान वर करून बायकोकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाला, "नाही जात मी."

सूनबाईने पिठाच्या हाताने डोळे पुसले आणि ते आणखीच चुरचुरले. मग मी तिला माझ्या पदराचं टोक दिलं. दिलं म्हणजे पुढे केलं. घेतलं तिने.

दुसऱ्या दिवशी लेक आली. पोरीचं डोकं उजेडात धरलं आणि विजयाने म्हणाली की थांबलेलं नाही, कालचे ताजे उपटलेले आहेत. मी म्हटलं, हो, उपटले आहेत. ती म्हणाली, मग फॉर्म. मी म्हटलं, पोरगी राहील. मुलगा म्हणाला, राहील. सूनबाई म्हणाली, आमचं बोलणं झालंय. हे ऐकून लेकीचा चेहरा असा झाला की मला तिचीच काळजी वाटली. ती म्हणाली, लाडाने पोरगी टकली कराल. मी म्हटलं, झाली तर घरात टोपांना तोटा नाही. ती चहा न पिता गेली. गाडीत बसल्यावर तिने फोन करून उरलेलं ऐकवलं आणि मी पूर्ण ऐकून घेतलं, कारण आता आमच्याकडे थेट बोलायची पद्धत आहे.

पुढचे आठ-दहा दिवस गमतीचे गेले, मला तरी. घरात दर तासाला कोणी ना कोणी भांडत होतं. मिठावरून, फणीवरून, दार उघडं टाकण्यावरून. सूनबाईला माझ्याइतकंच तिखट बोलता येतं, एवढी वर्षं वाया गेली. तक्ता मुलाने काढला, हातमोजे परत गेले. तुकडा मीही काढून ठेवला. मुंगीला मात्र करमेना. ती बोळात येऊन उभी राहायची आणि आम्हाला विचारायची, कोणाला काही सांगायचंय का. नाही म्हटलं की चेहरा पडायचा. तिच्या अंगावरचं ओझं काढलं तर ती रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून उभी. अजूनही हात कानामागे जातो. गेला की मी बाकावर जागा करून देते. कधी ती येऊन बसते, कधी नाही. कधी गाठ मारते, कधी नुसती बसते. केस बोटाच्या पेराच्या निम्म्याने वाढतो महिन्याला, त्यापुढे त्याला कोणाचा हुकूम चालत नाही.

मागच्या गुरुवारी संध्याकाळी मी दुकान आवरत होते, मुलगा पुढचा दिवा पुसत होता, सूनबाई आत कपडे घड्या करत होती. बोळातून आवाज आला. एवढा मोठा की मला आधी वाटलं, शेजारचं पोर आहे.

"मला भूक लागली आहे."

कोणाकडून कोणाला ते काही नव्हतं. आम्ही तिघंही हातातलं टाकून बोळाकडे धावलो आणि त्या अरुंद जागेत एकमेकांवर आदळलो.

"पाय आहेत की खांब?" सूनबाई मला म्हणाली.

"बाजूला हो," मी म्हटलं. "पोरीला भूक लागली आहे."